सराट्याचा काढा कुठवर पुरतो

मृगाचा पाऊस पडून गेला की सांगोला, आटपाडी, जत भागातल्या माळांवर एक रोपटं जमिनीला चिकटून चहूबाजूंना फांद्या टाकायला लागतं. मधे एकच सोटमूळ, खोल गेलेलं, आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या केसाळ फांद्या. पानं हरभऱ्याच्या पानांची आठवण करून देणारी, म्हणून जुन्या निघंटूंत याचं एक नाव चणद्रुम. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान. सकाळी पाच पाकळ्यांची पिवळी फुलं उमलतात, आणि थोड्याच दिवसांत तिथं ते येतं ज्यामुळे सराटा सगळ्यांच्या लक्षात राहतो: काटेरी फळ. अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेला, मेंढीच्या लोकरीला, सायकलच्या ट्यूबला, सगळ्यांना त्याचा सारखाच अनुभव.

हे फळ एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पिकलेलं फळ चिमटीत धरून (जपूनच) मोकळं केलं तर त्याच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाकेला दोन लांब, टणक काटे आणि खालच्या बाजूला दोन आखूड. फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. आत आडव्या कप्प्यांत दोन ते चार बिया असतात. सगळ्या एकाच पावसात रुजत नाहीत. सगळ्यांत मोठी आधी रुजते, बाकीच्या पुढच्या वर्षांची वाट बघतात. एखाद्या वर्षी पावसानं दगा दिला तरी वंश बुडत नाही. शिवाय ऊस आणि मक्यासारखीच याची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत असल्यानं कडक उन्हात, कमी पाण्यात तो तगतो. दुष्काळी माळावर बाकी काही हिरवं नसताना सराटा का असतो, याचं उत्तर इथं आहे. कोवळ्या पानांची रानभाजी करतात. दुष्काळात फळं दळून पिठात मिसळून खाल्ल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतींच्या पुस्तकांत आहेत.

अमेरिकेत हाच सराटा उपद्रवी तण ठरला. मेंढ्यांच्या लोकरीतून तो तिकडे पोचला असं मानतात. तो इतका माजला की 1961 मध्ये त्याच्या बिया आणि खोड पोखरणारे दोन जातींचे सोंडकिडे इटलीहून आणून शेतांत सोडावे लागले. हेच सोंडकिडे भारतातही आहेत. आपल्याकडे मात्र हे तण काष्ठौषधींच्या दुकानात पोत्यानं विकलं जातं. तिथं त्याला गोखरू म्हणतात, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकाच तक्रारीसाठी आलेलं असतं: लघवीला जळजळ होते, अडकत होते, किंवा मूतखडा सांगितलाय.

या तक्रारीशी गोखरूचा संबंध फार जुना आहे. चरकसंहितेत औषधांचे दहा-दहाचे गट केले आहेत. त्यातला एक गट लघवी मोकळी करणाऱ्या वनस्पतींचा आहे. त्यात पाषाणभेद, दर्भ, कुश, काश यांच्याबरोबर गोखरू येतो, श्वदंष्ट्रा या नावानं. त्याच ग्रंथात कोणत्या कामाला कोणतं द्रव्य श्रेष्ठ याची एक यादी आहे. मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवी कष्टानं आणि दुखत होणं, यावर तिथं गोखरूला पहिला मान दिलेला आहे. बाळंतिणीच्या काढ्यात असतं ते दशमूळ, त्यातल्या लघुपंचमुळातही रिंगणी, डोरली, सालवण, पिठवण यांच्या जोडीला पाचवा तोच.

दुकानात मिळणाऱ्या गोक्षुरादी गुग्गुळाची कृती शार्ङ्गधरसंहितेतली आहे. प्रमाण वाचलं की त्यामागचा हिशेब कळतो. अठ्ठावीस पळं गोखरू सहापट पाण्यात उकळायचं, निम्मं आटवायचं, गाळायचं. त्या काढ्यात सात पळं शुद्ध गुग्गुळ घालून गुळाच्या पाकासारखं दाट करायचं. मग सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा आणि नागरमोथा यांचं चूर्ण प्रत्येकी एक पळ. म्हणजे गुग्गुळ सात, चूर्ण सात आणि गोखरू त्या दोन्हींच्या बेरजेच्या दुप्पट. गोळीच्या नावात गुग्गुळ शेवटी असला तरी वजन गोखरूचं आहे. आज बाजारात मिळणारी प्रत्येक गोळी या प्रमाणात असते का, हे डबीवरचा घटकांचा तपशील वाचून ठरवावं. तो बहुतेक जण वाचत नाहीत.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. उन्हाळी लागणं म्हणतो तेव्हा आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो. उन्हात राबून पाणी कमी प्यायलं की लघवी गडद आणि कमी होते, जाताना चुरचुरते. हे एक. दुसरं म्हणजे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग. त्यात थेंबथेंब होते, पुनःपुन्हा जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं, कधी लघवी गढूळ होते, कधी रक्त दिसतं. या संसर्गाचा प्रमुख कर्ता ई. कोलाय हा जंतू. राहायचा आपल्याच आतड्यात, तिथं बहुधा निरुपद्रवी. तो तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर चढतो. बायकांत हा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्यानं त्याला फार चढावं लागत नाही. निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो.

मूत्राशयात पोचलेल्या जंतूच्या अंगावर बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला धरून बसतो. शरीराचा पहिला बचाव अगदी साधा आहे: वेळोवेळी, भरपूर, पूर्ण लघवी होणं. पकड बसायच्या आत प्रवाहाबरोबर जंतू वाहून जातात. म्हणून लघवी वाढवणारी कुठलीही गोष्ट सुरुवातीला बरं वाटायला लावते, आणि गोखरूची कीर्ती मुख्यतः इथं उभी आहे.

ती कीर्ती पोकळ नाही. जॉर्डनमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये उंदरांना गोखरूच्या पानाफळांचा पाण्यात काढलेला अर्क दिला. फ्युरोसेमाइड या प्रचलित औषधापेक्षा किंचित जास्तच लघवी झाली, आणि तिच्यातून सोडियम, पोटॅशियमही जास्त गेलं. हे वाक्य जाहिरातींत आवडीनं छापलं जातं. त्यापुढचा आकडा कुणी छापत नाही. अर्काचं प्रमाण होतं वजनाच्या दर किलोला 5 ग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर 300 ग्रॅम अर्क. उंदरावरून माणसाचा डोस असा सरळ काढत नाहीत हे खरं, पण अर्धा चमचा चूर्ण घेणाऱ्यानं त्या निकालाशी आपली तुलना करू नये एवढं तरी यातून कळतं. आयुर्वेदिक औषधकोशात गोखरूच्या फळाच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिली आहे.

मूतखड्याबाबतही असंच. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक वाढण्याला गोखरूचा अर्क काचेच्या नळीत अडथळा आणतो, उंदरांत खडे कमी होतात, असे प्रयोग भारतातल्या प्रयोगशाळांत झाले आहेत. माणसांवरच्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या मात्र तोकड्या आहेत. तेव्हा गोखरूनं बारा मिलिमीटरचा खडा विरघळला, असं कुणी सांगितलं तर आधी आणि नंतरची सोनोग्राफी दाखवा म्हणावं. पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे पाण्याबरोबर आपोआप पडतात. तेव्हा चालू असलेल्या औषधाला श्रेय जातं, मग ते औषध गोखरू असो, कुळथाचं कढण असो की पानफुटी.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक चाचणी इथं सांगायलाच हवी. बल्गेरियात वर्षभर चाललेल्या या अभ्यासाचा निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या 140 स्त्रिया निवडल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, निम्म्यांना नेहमीसारखंच राहू दिलं. वर्षात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, दुसऱ्या गटाला 3.2 वेळा. नुसतं पाणी. आता आपल्या घरगुती उपायांकडे बघा: धन्याजिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, शहाळं, सब्जा, जवाचं पाणी, गोखरूचा काढा. यातलं वनौषधीचं श्रेय किती आणि पाण्याचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर पाण्याचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असावा. म्हणून गोखरूची कोरडी कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळणारा माणूस त्या उपायातला मोठा भाग ताटातच टाकून उठतो.

करायचाच तर काढा असा. सुकी फळं निवडून, माती झटकून धुवायची आणि खलबत्त्यात भरड कुटायची. अख्खी उकळून उपयोग नाही. लाकडासारखं कठीण फळ आतलं काही सोडत नाही. जुन्या मापानं भरडीच्या सोळापट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवतात. कपडा दुपदरी करूनच गाळावा. काट्यांची बारीक टोकं घशाला लागतात. चव कडू नसते. किंचित गोडसर, बुळबुळीत, विशेष काही नाही अशी. काढा उग्र वाटणाऱ्यांसाठी क्षीरपाक आहे: एक भाग भरड, आठ भाग दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी उडून दूध उरेपर्यंत उकळणं. पाच ग्रॅम भरडीला चाळीस मिलिलिटर दूध आणि एकशे साठ मिलिलिटर पाणी. वैद्य हा पाक अशक्त माणसाला, विशेषतः म्हाताऱ्यांना देतात.

पण दुकानात गोखरू मागितल्यावर हातात काय पडतं, हा प्रश्न काढ्याच्या आधीचा आहे. छोटं गोखरू म्हणजे आपला सराटा. मोठं किंवा बडं गोखरू ही वेगळीच वनस्पती, तिळाच्या कुळातली. गुजरातेत आणि दक्षिणेकडे समुद्रकाठच्या वाळूत ती उगवते. तिचं फळ चौकोनी मनोऱ्यासारखं, तळाशी चार काटे. ओळखायची खूण मजेदार आहे: या झाडाची ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट, चिकट होतं आणि काही तासांनी पुन्हा पातळ. पातळ ताक दाट दिसावं म्हणून हिचा वापर झाल्याचं जुन्या लेखनात आहे. लघवीच्या जळजळीवर हिचाही उपयोग करतात, बहुधा याच बुळबुळीसाठी. या दोन्हींची अदलाबदल झाली तर फारसं बिघडत नाही.

तिसऱ्या गोखरूचं तसं नाही. शेतीखात्याच्या तणांच्या यादीत आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक शेतकऱ्यांच्या तोंडी गोखरू म्हणजे शंकेश्वर, कुठं घागरा, कुठं लांडगा. ओढ्याकाठी, उकिरड्यावर कमरेएवढं वाढणारं, रुंद खरखरीत पानांचं झुडूप. त्याचं लांबट फळ आकड्यांनी भरलेलं असतं आणि कपड्याला चिकटतं. याच्या बिया आणि नुकतीच उगवलेली रोपं विषारी असतात. त्यातलं द्रव्य पेशींतली ऊर्जा तयार होण्याची प्रक्रियाच अडवतं आणि यकृत निकामी करतं. बांगलादेशच्या ईशान्य भागात 2007 मध्ये टंचाईच्या दिवसांत लोकांनी याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. 76 जण आजारी पडले, त्यातले 19 दगावले. तेव्हा रानातून स्वतः तोडून आणणाऱ्यानं खूणगाठ बांधावी: जमिनीवर सरपटणारा, पिवळ्या फुलांचा, पाच फाकांच्या फळाचा तो सराटा. उभं वाढलेलं आणि आकड्यांचं फळ असलेलं काहीही काढ्यात जाता कामा नये, शेजाऱ्यानं त्याला गोखरू म्हटलं तरी.

गोखरूचा आजचा मोठा खप मात्र लघवीसाठी नाहीच. व्यायामशाळांच्या काचेच्या कपाटात ट्रिब्युलस नावाच्या ज्या बाटल्या दिसतात त्यात हाच सराटा असतो, पुरुषी संप्रेरक वाढवतो या दाव्यासह. बल्गेरियातल्या एका सरकारी औषध कंपनीनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची गोळी काढली, तिकडच्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंशी तिचं नाव जोडलं गेलं आणि बाजार उठला. पुढं 2005 मध्ये बल्गेरियातल्याच संशोधकांनी तरुण पुरुषांना चार आठवडे अर्क देऊन रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन होतं तिथंच होतं. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंवर 2007 मध्ये झालेल्या चाचणीत ताकदही वाढली नाही. बाटल्यांच्या किमती मात्र त्यानंतरही चढत्याच आहेत.

वनस्पतीच आहे, घेतली तर बिघडलं काय, हा युक्तिवाद इराणातल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाच्या हकिकतीपुढं टिकत नाही. मूतखडा होऊ नये म्हणून त्यानं दोन दिवस रोज दोन लिटर गोखरूचं पाणी प्यायलं. झटके आले, पायांतली शक्ती गेली, मूत्रपिंड आणि यकृत दोन्हींचे आकडे बिघडले. ही नोंद 2010 मध्ये मूत्रपिंडविषयक वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा घटना विरळ आहेत. पण ज्या अवयवाच्या रक्षणासाठी औषध घेतलं तोच दुखावला, हे विसरण्यासारखं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशात सराट्यावर चरलेल्या मेंढ्यांना कावीळ होते, तोंड-कान सुजतात, ऊन सोसत नाही. सराट्यातली सॅपोनिनं आणि एका बुरशीचं विष मिळून पित्तनलिकांत स्फटिक साचतात. मेंढ्या पोटभर खातात, आपण चिमूटभर, हा फरक आहे. तो फरक राखला तरच.

काही जणांनी तर हात आखडताच घ्यावा. गर्भारपणात गोखरू स्वतःच्या मनानं नको. मूत्रपिंडं आधीच कमकुवत असतील तर लघवी वाढवणारं आणि पोटॅशियम असलेलं कोणतंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम खालीवर होऊ शकतो. आणि साठी ओलांडलेल्या पुरुषांची गोष्ट वेगळीच. त्यांची लघवी अडते ती बऱ्याचदा प्रोस्टेट वाढल्यानं, वाट अरुंद झाल्यानं. नळ चोंदलेला असताना टाकीत आणखी पाणी सोडलं तर काय होणार? लघवी तुंबून रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ येते.

बायकांच्या त्रासाचं एक कारण कुठल्याच काढ्यात बसत नाही. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली ती याच कारणासाठी: बाहेर पडलेल्या बाईला जायला स्वच्छ, मोफत मुतारी नाही. मग ती पाणीच पीत नाही. बाजारात भाजी विकणारी, बसची वाहक, ऊसतोडीला गेलेली, बंदोबस्तावर उभी असलेली, सगळ्यांचा हिशेब एकच: सकाळी निघताना घोटभर, मग संध्याकाळी घरी आल्यावर. वरच्या चाचणीत दीड लिटर पाण्यानं जे साधलं, त्याच्या अगदी उलट प्रयोग आपण रोज लाखो बायकांवर करतो आहोत. अशा बाईला गोखरू घे म्हणणं सोपं आहे. तो काढा पोटात गेल्यावर तासाभरानं ती जाणार कुठं, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मग गोखरूला जागा कुठं? ऊन लागून, पाणी कमी पडून होणाऱ्या चुरचुरीत जरूर. संसर्ग बरा झाल्यावर तो परतू नये म्हणून वैद्याच्या देखरेखीखाली, भरपूर पाण्याबरोबर, तेही चालेल. भरात असलेल्या संसर्गात त्याच्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त यातलं काहीही दिसलं की जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असण्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गर्भवती, मधुमेही आणि लहान मुलांना तर जळजळ एवढंच लक्षण पुरे आहे.

तिथंही घाई एका ठिकाणी आवरावी लागते. मागच्या वेळी दिलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परत आणून घ्यायची आपल्याकडे रीत पडली आहे. परिणामी नेहमीच्या कित्येक गोळ्यांना इथला ई. कोलाय आता दाद देत नाही. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी लघवीचा नमुना द्यावा. आधीची थोडी धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि दोन तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोचवायची. तेवढ्यात जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. कोणत्या औषधाला जंतू दाद देतो आणि कोणत्याला नाही, याची यादीच त्यात असते. त्रास जास्त असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करतात आणि अहवालानंतर गरज पडल्यास बदलतात. घरी गोखरू चालू असेल तर तेही त्यांना सांगावं, किती आणि किती दिवस घेतलं यासह.